वरच्या फळीवरची नाचणी

दुपारी पुण्यात घामाने निथळत उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसावे आणि सकाळी जाग येते तो खिडकीतून गार वारा अंगावर यावा, इतके सुख दुसऱ्या कुठल्या प्रवासात मला मिळत नाही. शहराचे नाव 2014 साली अधिकृतपणे बेंगळुरू झाले, पण आमच्या पिढीच्या जिभेवर अजून बंगलोरच आहे. माझी धाकटी बहीण तीसेक वर्षांपासून तिथे बसवनगुडीत राहते. तिच्याकडे गेले की माझा कार्यक्रम ठरलेला. स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी, मग गांधी बाजारातली फुले, नंदीच्या देवळाला एक फेरी आणि संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली.

या वेळी मात्र निघण्याच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "ताई, येताना खायचं काही म्हणजे काही आणू नकोस."

"अगं, चकल्या तरी? भाजणीच्या आहेत, त्यात गहू नाही."

"भाजणी कुठे दळलीस?"

"कुठे म्हणजे? नेहमीच्या गिरणीत."

"गव्हानंतरच ना? मग नको."

कारण माझ्या बहिणीची नात. आठ वर्षांची होत आलेली, मोठ्या डोळ्यांची, बोलकी मुलगी. दोन वर्षे तिची उंचीच वाढत नव्हती. पोट फुगलेले, चेहरा पांढुरका, आणि सतत किरकिर. कुणी जंताचे औषध दिले, कुणी टॉनिक लिहून दिले. "खात नाही म्हणून वाढत नाही," असे एका डॉक्टरांनी सांगितल्यावर तर घरचे तिला आणखी एक पोळी, आणखी एक टोस्ट असे आग्रहाने भरवू लागले. म्हणजे जे विष तेच औषध म्हणून! शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी रक्ताची खास तपासणी करायला लावली, नंतर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासला, आणि नाव कळले: सिलिअ‍ॅक.

ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती रबरासारखी ताणली जाते, पोळी लाटता येते, पाव फुगतो, ते सगळे या ग्लूटेनमुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीराला ते शत्रू वाटते आणि शरीर लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवून टाकते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. हा संबंध लक्षात आला तो विलेम डिके या डच डॉक्टरांना. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला तेव्हा सगळी मुले वाळत होती आणि त्यांची ही रोगी मुले मात्र सुधारत होती! पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. आजही यावर गोळी नाही. ग्लूटेन जन्मभर वर्ज्य, हाच उपाय. एक गोष्ट मात्र आयाबायांनी ध्यानात ठेवावी. शंका आली म्हणून आधीच गहू बंद करू नये. तसे केले तर तपासणीत रोग दिसतच नाही. आधी तपासणी, मग पथ्य.

पथ्य म्हटले की वाटते, दक्षिणेत काय अवघड आहे? तांदळाचा मुलूख! मीही तेच म्हणाले. बहिणीने मला एका सकाळी मुद्दाम फिरायला नेले. कोपऱ्याकोपऱ्यावर अय्यंगार बेकरी. केम्पेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या पेठेत, चिकपेठेत, 1898 साली तिरुमलाचार यांनी बी. बी. बेकरी सुरू केली. हसन जिल्ह्याकडच्या अय्यंगारांनी पुढे तो धंदा गावोगाव नेला. बिनअंड्याचा केक, खारा बन, आलू बन, बेण्णे बिस्किट, दिलपसंद. सकाळी भट्टीतून ट्रे निघतात तेव्हा सबंध रस्ता लोण्याच्या आणि भाजलेल्या मैद्याच्या वासाने भरून जातो. तोच रस्ता नातीच्या शाळेचा. "रोज इथून जाताना माझा हात घट्ट धरते," बहीण म्हणाली. "मागत नाही गं. मागितलं असतं तर बरं वाटलं असतं."

बेकरीत 'रागी बिस्किटे' लिहिलेली बरणी दिसली. मी आनंदाने बोट दाखवले. बहिणीने कन्नडमध्ये विचारले आणि दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, अर्धा मैदा आहे अम्मा, नाहीतर बिस्किट उभे कसे राहील? इडली चालते, पण रवा इडली नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा एम.टी.आर.ने ती काढली असे सांगतात. त्यातला रवा गव्हाचा. डोसा चालतो, पण तव्यावर आधी रवा डोसा झाला असेल तर नाही. सांबार चालते, पण त्यातल्या हिंगाचे काय? बाजारी हिंगाच्या डबीत हिंग थोडा आणि पीठच जास्त असते, आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. हे ऐकून मी तर चाटच पडले. इतकी वर्षे उपासाशिवाय सगळीकडे चिमूट चिमूट हिंग टाकत आले, डबी उलटून कधी वाचली नाही.

मोठ्या दुकानांत 'ग्लूटेन-फ्री' छापलेली परदेशी पाकिटे मिळतात. किंमत पाहून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. नोकरी करणारी दोन माणसे घरात आहेत म्हणून महिनाभर परवडले, पण त्या पावाची चव पुठ्ठ्यासारखी, हे नातीचेच मत.

वाट दाखवली ती शेजारच्या अज्जींनी. त्या मूळच्या मंड्याकडच्या. सत्तरी ओलांडली तरी रोज दुपारी रागीमुद्दे घरी हाताने करतात. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात मी उभी राहून पाहिले. उकळत्या पाण्यात आधी चिमूटभर पीठ कालवून पातळ पेज केली, ती रटरटली की वर उरलेल्या पिठाचा डोंगर टाकला, झाकण ठेवले, मग पातेले दोन पायांत धरून लाकडी काठीने असे घोटले की मीच दमले. ओल्या हाताने वळलेले तपकिरी, चकाकणारे गोळे! आणि बरोबर पावट्यासारख्या अवरेकाईचे सारू. हिट्टु म्हणजे ही नाचणी खाणारा डोंगर उपटतो, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. सोळाव्या शतकात कनकदासांनी 'रामधान्य चरिते' लिहिले, त्यात तांदूळ आणि नाचणी यांचे भांडण रामापुढे जाते. राम दोघांनाही सहा महिने कोंडून ठेवतो. तांदूळ खराब होतो, नाचणी जशीच्या तशी राहते आणि जिंकते. आज देशात सर्वांत जास्त नाचणी कर्नाटकात पिकते. मंड्याजवळच्या व्ही. सी. फार्मवर लक्ष्मणय्या नावाच्या शास्त्रज्ञांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' जाती काढल्या. कृतज्ञ लोक त्यांना 'रागी ब्रह्मा' म्हणतात.

अज्जींच्या पातेल्याकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, ही तर उकड! मोदकाला आपण काढतो ती, भाकरी तुटू नये म्हणून पिठात आधणाचे पाणी घालतो ती. नाचणीत ग्लूटेन नाही म्हणून तिला चिकटपणा नाही, पण गरम पाण्यात तिच्यातला स्टार्च फुलतो आणि धरून ठेवायचे काम करतो. बहिणीचे आधीचे तीन केक कोसळले होते, वाळूसारखे भुरभुरत. अंडे घालून पाहावे म्हटले तर घरात चालत नाही. मी म्हणाले, "पिठातलं थोडं पीठ आधी शिजवून घेऊ या."

पण त्याआधी पीठ शुद्ध हवे, आणि इथे आमच्या भाऊजींचे राज्य सुरू होते. भाऊजींचे सगळे आयुष्य एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. त्यांना काही बिघडलेले दिसले की बरे वाटते. डॉक्टरीण बाईंनी त्यांना सांगितले होते की अन्नाच्या एक किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असेल तर आपल्याकडेही त्याला ग्लूटेन-फ्री म्हणता येत नाही. बस्स. 'वीस मिलिग्रॅम' हा शब्द त्यांनी कारखान्यातल्या मापासारखा मनावर घेतला.

गांधी बाजारातून अख्खी नाचणी आणली. पोत्यात, मापात, दुकानदाराच्या पंज्यात गव्हाचा दाणा मिसळू शकतो. भाऊजींनी लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली आणि तिला दोन मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी ताणून बसवली. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, तो खाली पडतो. गहू जाडा, तो वर अडकतो. पहिल्याच दिवशी पाच किलो नाचणीत अकरा दाणे गहू निघाले! नातीने ते मोजून वाटीत ठेवले, जणू चोर पकडले. मग धान्य तीनदा धुवायचे, गच्चीत वाळवायचे, आणि नव्या घरघंटीत दळायचे. त्या घरघंटीत गहू म्हणून घालायचा नाही. (ज्वारीला ही चाळणी उपयोगी नाही बरं का, तिचा दाणाही मोठा. ती हाताने निवडावी लागते.)

मग स्वयंपाकघर. माझा समज होता की नातीचे डबे खाली ठेवावे म्हणजे तिला हाताशी येतील. भाऊजींनी उलटे केले. पीठ खाली सांडते, वर उडून बसते ते थोडेच. म्हणून तिची फळी सगळ्यांत वर, आणि तिच्यासाठी दोन पायऱ्यांचे लाकडी स्टूल. फळी साधीच, पण कडेला बोटभर उंचीची पट्टी मारलेली, डबा घसरू नये म्हणून. नवे पोळपाट-लाटणे आणले, कारण जुन्या लाकडाच्या चिरांत वर्षानुवर्षांची कणीक बसलेली. चाळण, लाकडी चमचे, ओरखडे पडलेला तवा, सगळे वेगळे. तिच्या वस्तूंच्या दांड्यांना हिरवी चिकटपट्टी. बेंगळुरूच्या थंडीत इडलीचे पीठ फुगत नाही म्हणून एक उबेची पेटीही झाली. फळांचे जुने खोके, आत टीनचा पत्रा, आणि जाळीआड लावलेला चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा. हल्लीचे एलईडी दिवे ऊब देत नाहीत. तो दिवा शोधायला भाऊजी मला एस. पी. रोडवर घेऊन गेले. त्या गल्लीत तारा, बटणे, मोटारी, संगणकाचे सुटे भाग यांचे असे ढीग आहेत की बायका साड्यांच्या दुकानात हरवतात तसे भाऊजी तिथे हरवले. मी दोन नारळपाणी पिऊन झाले तरी त्यांची खरेदी चालूच.

वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. नातीची अट एकच: "माझा वेगळा आणि सगळ्यांचा वेगळा असा केक नको. एकच."

दोन फसले. तिसरा जमला, तो असा. एक वाटी नाचणीचे पीठ आणि अर्धी वाटी तांदळाचे. नाचणीतले तीन मोठे चमचे काढून अर्ध्या वाटीपेक्षा थोड्या जास्त पाण्यात शिजवायचे, घट्ट खळ होईपर्यंत, आणि निववायचे. तीन पिकलेली यालक्की केळी (आपली वेलची केळी) कुस्करून त्यात पाऊण वाटी बारीक गूळ, अर्धी वाटी दही, अर्धी वाटीला थोडे कमी पातळ केलेले लोणी, चिमूटभर मीठ आणि दोन चहाचे चमचे इसबगोल. त्यात ती खळ फेटून घालायची, मग पिठे. आता वीस मिनिटे झाकून ठेवायचे. ही विश्रांती चुकवू नये. नाचणी पाणी सावकाश पिते, घाई केली की केक तोंडात कचकचतो. सगळ्यांत शेवटी दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा, लगेच नव्या भांड्यात ओतून 180 अंशांवर चाळीस मिनिटे. बेकिंग पावडरच्या डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे, तिच्यातही पीठ असू शकते. आणि गरम असताना कापायचा मोह आवरावा. आमचा दुसरा केक तेवढ्यानेच गेला.

वाढदिवसाला बारा मुले आली. एका मुलाने विचारले, "चॉकलेटचा का?" रंगच तसा! नात गंभीरपणे म्हणाली, "रागीचा." त्याने खांदे उडवले आणि दुसरा तुकडा घेतला. शेजारच्या अज्जींना मी बशीत नेऊन दिला. त्यांनी खाल्ला, विचार केला आणि कन्नडमध्ये बहिणीला काहीतरी म्हणाल्या. बहीण हसत सुटली. "म्हणतात, मुद्देच आहे. फक्त गोड आणि चौकोनी!"

पथ्य सुरू होऊन सात महिने झाले होते. दाराच्या चौकटीवर भाऊजींनी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. पहिल्या दोन वर्षांच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्यावर या सात महिन्यांतली एक, चांगली तीन बोटे वर.

निघायच्या दिवशी भाऊजींनी कन्नड वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट माझ्या हातात ठेवली. दुसरी चाळणी. "मे महिन्यात येणार आहे ती तुमच्याकडे, पंधरा दिवस," ते म्हणाले. गाडीत सामानाच्या फळीवर ती वाकू नये म्हणून रात्रभर मी ती उशाशी घेऊन झोपले. घरी पोहोचल्यावर आधी चहासुद्धा केला नाही. स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचे कणकेचे डबे एकेक करून खाली काढायला लागले.