एडिंबरोचे लग्न आणि त्याच सांजेचे चित्र

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हे दगडी शहर आहे. मधोमध खडकावर किल्ला, जवळच 251 मीटर उंचीची ‘आर्थर्स सीट’ ही टेकडी, आणि रविवार व काही सणांचे दिवस वगळता रोज दुपारी ठीक एक वाजता किल्ल्यावरून उडणारी तोफ. गलबतांस वेळ कळावी म्हणून 1861 साली सुरू झालेली ही प्रथा अद्याप चालू आहे. मुहूर्त सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींस ही शिस्त पाहून मोठे समाधान वाटले.

आमच्या पुतणीच्या विवाहानिमित्त जून महिन्यात तेथे जाण्याचा योग आला. वधू पुण्याची, वर स्कॉटिश. सकाळी अंतरपाट, मंगलाष्टके, लहानशा कुंडात होम व सप्तपदी झाली. दुपारी त्यांच्याकडील रीतीप्रमाणे वधूवरांचे हात रंगीत फितींनी बांधण्यात आले. नंतर दोन कानांच्या ‘क्वेख’ नामक पेल्यातून दोघे प्याली. त्यात मद्याऐवजी आमच्या वहिनींनी कोकमाचे सरबत घातले होते! तेथील कायद्यासाठी विवाहपत्रकावर वधूवर, दोन साक्षीदार व विधी चालविणारा यांच्या सह्याही झाल्या.

या सर्वांचे चित्रण त्याच सायंकाळी दाखवावयाचे ठरले होते. सावेदादा भाटवडेकरांनी 1899 साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. येथे तिघे चित्रकार कॅमेऱ्यातील कार्डे तासातासाने बाजूच्या खोलीत पोचवीत. तेथला तरुण संगणकावर प्रथम त्यांच्या दोन प्रती करी, मग निवडीस लागे. हळदीचा भाग त्याने आदल्या रात्रीच जुळविला होता व संगीतही आधीच ठरले होते. म्हणूनच पाच मिनिटांचे चित्र जेवणापूर्वी तयार होऊ शकले.

परंतु पाच मिनिटांत काय ठेवावे? त्या तरुणास अक्षतांचा वर्षाव फार आवडला. सप्तपदी संथ वाटून त्याने गाळली होती. वहिनींनी ते पाहिले आणि शांतपणे समजाविले की, जेथे सप्तपदी करतात तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. 1955 चा हिंदू विवाह कायदाही तेच सांगतो. विहीणबाईंनीही विनंती केली की, हस्तबंधनाच्या वेळी संगीत नको, मुलांची वचने ऐकू येऊ द्या. शेवटी नाचाचा बराच भाग गेला आणि या दोन गोष्टी राहिल्या.

रात्री साडेआठ वाजताही बाहेर लख्ख उजेड असल्याने पडदे ओढावे लागले. सकाळी अवघडून बसलेल्या वराच्या आजीबाईंनी प्रत्येक पावलाचा अर्थ पडद्यावर वाचला, आणि चित्र संपताच वहिनींशेजारी येऊन बसल्या. पुण्यात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आमच्या मातोश्री जाग्याच होत्या. चित्र पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “त्या आजींना जरा माझ्याशी बोलू द्या.”

अशी चित्रे महिन्यांनी हाती येतात, तेव्हा मंडळी पांगलेली असतात व विचारावयाचे राहून जाते. ज्या घरी दोन रीतींचे लग्न व्हावयाचे आहे, त्यांनी दोन्हीकडचे एकेक वडीलधारे माणूस घटकाभर त्या संगणकापाशी अवश्य बसवावे.