पानफुटीचें दुसरें पान

आमच्या वर्ध्याकडील वैशाख ज्यानें भोगिला आहे, त्यास त्या दिवसांत कुंडींतील झाडांचें काय होतें हें सांगावयास नको. गेल्या वर्षीं आम्ही सर्व मंडळी धाकट्या मुलाकडे नागपुरास महिनाभर राहिलों, आणि परत येऊन पाहतों तों ओसरीवरील पानफुटी वाळून काटकी झालेली! माझ्या पत्नीनें ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस आपल्या माहेराहून, आर्वीहून, आणिली होती. तिला जाऊन आतां तीन वर्षें झालीं. बुडाशीं दोन पानें मात्र अजून हिरवीं होतीं.

पानफुटीस संस्कृतांत पर्णबीज म्हणतात. झाड मूळचें मादागास्करचें, तेव्हां येथें संस्कृताभिमान आवरता घ्यावा हें बरें. परंतु नांव यथार्थ आहे. पानाच्या दंतुर कडेवरील खांचांत अंकुर निजलेले असतात, व पान झाडापासून तुटलें म्हणजे ते जागे होतात.

पहिलें पान मीं ओल्या वाळूवर पसरून ठेविलें. कांहीं आठवड्यांनीं त्यास सात रोपें फुटलीं. मग माझा धीर सुटला. नखाएवढीं तीं रोपें पानापासून सोडवून मीं प्रत्येकास मोठी कुंडी, शेतांतील काळी माती आणि दोन वेळां पाणी दिलें. पंधरवड्यांत सातही बुडाशीं काळीं पडून कुजलीं. जन्मभर मुलांना ‘अति तेथें माती’ शिकविणाऱ्या मास्तरानें हें करावें! काळी माती कपाशीस उत्तम. परंतु ती पाणी धरून ठेविते, इवल्या मुळांना तें पिववत नाहीं, आणि हवाही मिळत नाहीं.

शिवाय पानफुटीस पाणी लागतें थोडें. ती आपलीं रंध्रें बहुधा रात्रीं उघडते, तेव्हां घेतलेला कार्बन डायॉक्साइड वायु आम्लरूपानें सांठविते आणि दिवसा तो खर्चिते. म्हणून तिचें पान पहाटे आंबट, तर दुपारीं बेचव लागतें. हिंदुस्थानांत वनस्पतींचा अभ्यास केलेल्या बेंजामिन हाइन यांनीं ही गोष्ट लिहून ठेविली. त्यांचें टिपण १८१५ सालीं लंडनच्या लिनीयन सोसायटीनें छापिलें. (वाचकांनीं चव पाहूं नये, या जातीच्या झाडांनीं गुरें दगावतात.)

दुसरें पान हातीं घेतलें तेव्हां सूनबाई म्हणाली, “मामंजी, आई आपण होऊन सुकेपर्यंत या लेकरांना तिच्यापासून काढूं नका.” मीं कांहीं बोललों नाहीं, पण तसेंच केलें. पान कागदासारखें होऊन गेलें आणि रोपें दोन बोटें उंच झालीं, तेव्हांच तीं सोडविलीं. या खेपेस बुडाशीं भोंक पाडलेलीं लहान बोळकीं घेतलीं. एक भाग काळी माती, दोन भाग धाम नदीची वाळू, एक भाग पालापाचोळ्याचें कुजलेलें खत. पेरभर बोट खुपसावें, आंत कोरडें लागलें तरच पाणी घालावें. कोवळें ऊन मिळावें, दुपारचें नको. मृगाच्या सरी आल्या तेव्हां बोळकीं वळचणीच्या आंत घेतलीं. पानांच्या चार जोड्या झाल्यावर शेंडा खुडला. त्यानें बगलेंतून फांद्या फुटल्या.

पांच रोपें जगलीं. आर्वीच्या वाड्यांतील मूळ झाड केव्हांच गेलें आहे, म्हणून एक बोळकें परवां मेहुण्याकडे स्वतः नेऊन दिलें.

“भावोजी, रोज पाणी घालावें ना?” त्यानें विचारलें.

मीं त्याचें बोट धरून मातींत खुपसलें.