गोळी रोजची असते, बायांनो!

भगिनींनो, खुरपताना आपण जे हळू आवाजात बोलतो, ते आज मी उघड सांगणार आहे. स्वतःची फजिती सांगायला मला लाज वाटत नाही. तुमची तशी होऊ नये, एवढंच वाटतं.

धाकटा दीड वर्षाचा झाल्यावर मी पाळणा लांबवण्याच्या गोळ्या आणल्या आणि धान्याच्या कोठीमागे लपवल्या. त्या हंगामात आमचे हे उसाच्या ट्रकवर होते. आठ-दहा दिवसांनी एखादी रात्र घरी येत. मी विचार केला, माणूसच घरी नाही तर गोळी कशाला वाया घालवायची? हे आले की त्या रात्री गोळी घ्यायची, गेले की पाकीट पुन्हा कोठीमागे. डोकं दुखलं की गोळी घ्यावी, तसाच माझा समज!

संक्रांतीच्या सुमारास पाळी चुकली. पदरात दोन लेकरं, गव्हाची भरणी तोंडावर आणि पोटात तिसरं. मी गोळीलाच बोल लावला. माझं ऐकून जावेनेही गोळ्या सोडल्या.

नर्सबाईंनी पाकीट पाहिलं. निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, गोळी खोटी नाही, तुझा हिशेब खोटा. गुरं येतील त्याच रात्री कुंपण घालून पीक राखता येतं का?" रोज गोळी पोटात गेली तरच अंडाशयातून बीज सुटत नाही. खंड पडला की कुंपण मोडलं.

मग त्यांनी सगळं समजावलं. सरकारी 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या आणि ७ रंगीत, लोहाच्या. पाळी आल्यापासून ५ दिवसांच्या आत पहिली पांढरी घ्यावी आणि बाणाच्या दिशेने रोज एक, ठरल्या वेळी. रंगीत गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते. अठ्ठावीस संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, पाळी चालू असली तरी.

एक पांढरी चुकली तर आठवताच घ्यावी आणि त्या दिवशीची ठरल्या वेळी. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवताच एक घेऊन क्रम चालू ठेवावा आणि पुढचे ७ दिवस निरोध वापरावा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर पांढऱ्या संपताच रंगीत सोडून नवं पाकीट सुरू करावं. मधल्या दिवसांत संबंध आला असेल तर लगेच आशाताईंना विचारा. सुरुवातीला मळमळ होते, थोडं अंगावर जातं. दोन-तीन महिन्यांत ते बहुधा थांबतं, तेवढ्यासाठी गोळी सोडू नका. आठवड्याच्या 'छाया' गोळीचे नियम मात्र वेगळे आहेत.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, रक्तदाब, अर्धशिशी, काविळीसारखा यकृताचा आजार किंवा क्षयाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. छातीत किंवा पोटरीत जोराची कळ आली, डोकं फार दुखलं, दिसायला अंधुक झालं, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावातल्या बायकांनाच, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाईचं बाईला पटतं, हे त्यांनी ओळखलं होतं. माझं चुकीचं बोलणं जावेला पटलं, तसं आता हे खरंही कुणाला तरी पटू दे.

माझी तिसरी लेक आज कॉलेजात जाते. घरात सगळ्यांची लाडकी आहे. पण ते बाळंतपण मला फार जड गेलं. तेव्हा बायांनो, पाकीट कोठीमागे लपवू नका. नवऱ्याला सांगा आणि रात्रीच्या जेवणानंतर रोज हाताशी येईल अशा जागी, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.