उंटावरचे शहाणे

बँकेच्या छापील फॉर्मवरची सर्वांत धोक्याची जागा म्हणजे 'शेरा' हा रकाना. रक्कम, तारीख, खाते क्रमांक हे रकाने सरळमार्गी. त्यांत मावेल तेवढेच लिहायचे. शेऱ्यात मात्र माणूस मोकाट सुटतो. 'अमुक आल्यास तमुक करावे, न आल्यास साहेबांस विचारावे' असे निबंध मी दिग्रसला नोकरी करताना पाहिले आहेत. ऑडिटर बेरजा तपासतो. शेरा कोण वाचतो?

आमचा भाचा पुण्याला कॉम्प्युटरात आहे. गेल्या दिवाळीत आला आणि ऐन लक्ष्मीपूजनाला लॅपटॉप उघडून बसला. कुणाकुणाचे पगार म्हणे अडकले होते. ही म्हणाली, "अजी, पोराले करंजी तरी खाऊ द्या म्हणा त्या कंपनीवाल्याईले!"

"मामा, स्क्रिप्ट चालत नाही," एवढेच तो म्हणाला.

मग कळले ते असे. एका यंत्रणेचे निरोप दुसरीकडे वाहून नेणाऱ्या व्यवस्था असतात. त्यांची नावे कॅमल, म्यूल. म्हणजे चक्क उंट आणि खेचर! कुठून उचलायचे, कुठे टाकायचे, ते एक्सएमएल फायलीत मांडायचे. छापील फॉर्मच तो. पण मध्येच कुणाला सुचते, 'रक्कम पन्नास हजारांहून कमी असेल तर इकडे वळव.' त्यासाठी जावाचा वेगळा प्रोग्राम लिहा, तपासा, मंजुरी घ्या, हा खटाटोप कोण करतो? चार ओळी जावास्क्रिप्ट फायलीतच कोंबायचे. त्यात 'कमी'ची जी खूण, तिनेच एक्सएमएलचा टॅग सुरू होतो. म्हणून त्या ओळींना सीडेटा नावाच्या पडद्याआड बसवावे लागते. चाराच्या चाळीस होतात. कंपायलरच्या लेखी तो नुसता मजकूर. चूक कळते ती निरोप येऊन धडकल्यावर, आणि आमच्यासारखा कारकून काउंटरवरून 'सिस्टीम डाऊन' सांगून शिव्या खातो.

हे जावास्क्रिप्ट वाचून दाखवणारा नॅशॉर्न नावाचा दुभाषी जावाच्या पदरी होता. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर रुजू झाला, २०१८ मध्ये त्याला नोटीस मिळाली, २०२० मध्ये जावा १५ मधून तो गेला. भाच्याच्या कंपनीने त्याच आठवड्यात नवा जावा बसवला. सगळे प्रोग्राम तपासले. फायलीतले उंटावरचे शहाणे कुणी पाहिलेच नाहीत. लिहिणारा केव्हाच सिंगापूरला गेलेला.

नॅशॉर्न आता वेगळा बोलावून आणता येतो. भाच्याने रात्री दोनला आणला.

"मग तो मजकूर फायलीतून काढलास?"

"पुढच्या रिलीजला, मामा."

त्या ओळींच्या डोक्यावर सिंगापूरवाल्याने 'तात्पुरते' असे लिहिले होते. खाली साल होते २०१६.