नगरसेवक आले, पण चावी कुणाकडे?

परवा आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. म्हणजे घरातलं एक माणूस मोटारीपाशी, एक निळ्या ड्रमपाशी, बाकी सगळी कामं उद्यावर. शेजारच्या काकू गेटवरूनच म्हणाल्या, "अरे, आता चार-चार नगरसेवक निवडून दिलेत ना? विचार की त्यांना, रोज पाणी कधी?"

हो म्हणालो. पण खरं सांगू? उत्तर त्यांच्याकडे असेल, असं मला वाटत नाही.

हिशोब बघा. आपल्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं घटना सांगते. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला! तोवर ११५ खुर्च्या रिकाम्या, आणि कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे. गल्लीतला दिवा गेला म्हणून माजी नगरसेवकाला फोन केला, तर तो म्हणायचा, "भाऊ, मी आता तुमच्यासारखाच नागरिक."

आता निवडून आलेत. पण २०१५ ला एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, आता प्रभागाला चार. हे ठरवलं कुणी? राज्यानं. आयुक्त कोण? राज्य पाठवेल तो. जकात गेली, एलबीटी गेला, २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून भरपाईसाठी दर महिन्याला मंत्रालयाकडे डोळे.

आणि पाणी? नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. १६८० कोटींची योजना २७४० कोटींवर गेली. बहुतांश पैसा केंद्राच्या अमृत योजनेचा आणि राज्याचा, काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, लक्ष ठेवायला खंडपीठ. पाणीपट्टी घ्यायला आणि शिव्या खायला मात्र महापालिका.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, पाणीपुरवठाही त्यात आहे. पण मेख अशी, की राज्य हे अधिकार शहरांना देऊ 'शकतं'. दिलेच पाहिजेत, असं नाही. दिल्ली आमचा वाटा अडवते, आमचं ऐकत नाही, अशी राज्यं ओरडतात. तीच राज्यं आपापल्या शहरांशी काय वेगळं वागतात?

काही मित्र म्हणतील, नगरसेवकांच्या हातात पैसा दिला तर खातील. खातील काही जण, मान्य. पण ते आपल्याच गल्लीत राहतात, लग्नात-मयतीला भेटतात, पाच वर्षांनी पाडता येतात. बदली होऊन गेलेल्या साहेबाला कुठं शोधायचं?

म्हणून मी प्रभागातल्या चारही जणांना भेटणार आहे. पाणी कधी, हे विचारीनच. सोबत हेही विचारीन, की नव्या सभागृहात अधिकार मागणारा एक तरी ठराव तुम्ही मांडणार का? पक्ष कोणताही असो, मुंबईतल्या आपल्या नेत्याला हे तोंडावर सांगाल का?

जे उत्तर मिळेल ते इथेच लिहीन. तुम्हीही आपापल्या प्रभागात विचारा.