आजच्यापुरते

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा, पण तितकाच तो हिशेबाचाही आहे. व्यापारी मंडळी लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांची पूजा करतात, आणि आमच्यासारखी पगारदार माणसे डाळीचे पीठ, तेल, साखर आणि मुलांचे कपडे ह्यांची बेरीज पगाराच्या आकड्यात बसवण्याची खटपट करतात. आमचे घर ख्रिस्ती. त्यामुळे दिवाळीचा फराळ आमच्याकडे शेजारच्या चार घरांतून येतो आणि नाताळात आम्ही त्याची परतफेड करतो. त्याच करंज्या, त्याच चकल्या, तेच शंकरपाळे. मध्ये काय ते दोन महिने! ह्या देवघेवीत दर वर्षी आमच्याकडे काहीतरी बाकी निघते, आणि ती कधी पुरती फिटू नये असेच दोन्ही बाजूंना वाटते.

मी पेशाने शिक्षक. मुलांना गणित शिकवता शिकवता वीस-बावीस वर्षे सरली. सवडीने कादंबऱ्या लिहितो, पण तेथेही कोणत्या पात्राचे वय कोणत्या साली किती, ह्याचा तक्ता आधी करून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा माणसाने आपल्या शक्तीपलीकडे देवावर विसंबून राहण्याविषयी चार शब्द लिहावेत, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्याने मन लावून बेरीज केली आहे, त्यालाच ती कोठे अपुरी पडते हे नेमके ठाऊक असते.

आमच्या शेजारी एक आजोबा राहत असत. पक्के वारकरी. त्यांनी एकदा मला विचारले, "मास्तर, तुमच्यात प्रार्थना फार. देवावर भार टाका म्हणता. मग माणसाने हातपाय हलवायचे की नाही?" आणि मिस्कीलपणे हसून पुढे म्हणाले, "आमच्यात म्हण आहे, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. तुमचा हरी देतो का खाटल्यावर?"

मी म्हटले, "आजोबा, अजून तरी खाटेवर काही येऊन पडलेले नाही." दोघेही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भक्ताचा विश्वास आणि आळशाचा भरवसा ह्यांत फरक कोणता, हा प्रश्न वारकऱ्यालाही पडतो आणि ख्रिस्ती माणसालाही पडतो.

मला ह्याचे उत्तर मिळाले ते केडगावच्या गोष्टीत. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव आहे, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचलेले असते: 1858 साली जन्म, संस्कृतचा अगाध व्यासंग, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या, इंग्लंडमध्ये 1883 साली घेतलेला बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत काढलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन. पण मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण काळ वाटतो तो ह्यानंतरचा.

शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती मुदत सरत आलेली आणि 1896 साली दुष्काळ पडलेला. मध्य प्रांतात बायका-पोरी अन्नान्न करीत रस्त्यांवर आल्या. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते; 1874 च्या सुमारास त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांतच गेले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. जवळ पैसा किती, जागा किती, शिकवायला माणसे किती, ह्यांपैकी कोणताही आकडा ह्या तीनशेशी जुळणारा नव्हता. पुढे 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतली माणसे दीड हजारांच्या घरात गेली. दीड हजार माणसांना दोन वेळचे जेवण! माझ्यासारख्या गणित-मास्तराने हे उदाहरण फळ्यावर मांडले असते, तर शेवटी 'उत्तर येत नाही' असेच लिहावे लागले असते.

रमाबाईंनी आपला अनुभव 1907 साली इंग्रजीत छापला. त्या पुस्तिकेच्या नावातच कधी न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. परंतु ठेवा न संपणारा आहे म्हणून बाई माळ ओढत बसल्या नाहीत. केडगावच्या उजाड जमिनीत त्यांनी विहिरी खणवल्या, शेती केली, माग बसवले, तेल काढण्याचा उद्योग सुरू केला आणि छापखाना घातला. तो छापखाना मुक्तीतल्या बायका चालवीत. आंधळ्या बायकांसाठी त्यांनी निराळे सदन काढले आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवण्याची सोय केली. उतारवयात कानांनी नीटसे ऐकू येत नसताना त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा घेऊन बसल्या, कारण साध्या खेडवळ बाईला समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायचे होते. म्हणजे बाईंनी बेरीज करणे सोडले नव्हते. बेरीज संपली तेथे त्या थांबल्या नाहीत, एवढेच. आजोबांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही बाई खाटेवर बसलीच नाही म्हणा की!"

शुभवर्तमानात पाच भाकरींची गोष्ट आहे. हजारो माणसे भुकेली आहेत, शिष्य हिशेब करून हात टेकतात, आणि एका पोराजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या निघतात. त्या गोष्टीत येशू आभाळातून भाकरी पाडीत नाही. तो आधी पोराची शिदोरी मागून घेतो. शिदोरी पुरणार नाही हे त्यालाही दिसत होते आणि पोरालाही दिसत असावे. तरी ती द्यावी लागली. मी पूर्वी मुलांना ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगत असे. आता सांगताना मी त्या पोरापाशी अंमळ जास्त थांबतो.

त्याला कारण माझी आई.

आई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शिक्षण चौथीपर्यंत. टाळ धरून रेव्हरंड टिळकांची भजने म्हणायची आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तली पाने माझ्याकडून वाचून घ्यायची. लक्ष्मीबाई तिला आपल्यातल्याच वाटत. नवऱ्याने हाताला धरून अक्षरे शिकवलेली बाई. त्याने 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाठीवर आभाळ कोसळलेली, आणि पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी त्याच वाटेने गेलेली. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे जेमतेम दहा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. आई हे ऐकून दर वेळी म्हणे, "दहा त्याचे, चौसष्ट तिचे. आन् ती म्हणत आसंल, मला काय येतंय!"

चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. दिवसभर बोलणारी बाई. तिला 'पाणी' एवढा शब्द जुळवता येईना. सुरुवातीला आम्ही सगळे मोठ्या उमेदीने प्रार्थना करीत होतो: तिला बरी कर, तिला उभी कर. महिने गेले. ती उभी राहिली नाही. कूस बदलणे, अंग पुसणे, पातळ पेज चमच्याने भरवणे, रात्री तीनतीनदा उठणे, सकाळी शाळा. माझी हक्काची रजा संपली, पत्नीची कंबर धरली, आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची बेरीज पगारात मावेना. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एका रात्री चादर बदलून झाल्यावर मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो आणि उठण्याचे त्राण राहिले नाही. अजून किती दिवस, हा विचार मनात आला आणि त्या विचारानेच मी गळून गेलो.

तेव्हा मला लहानपणी आईनेच सांगितलेली मान्नाची गोष्ट आठवली. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी अन्न मिळे, पण त्या दिवसापुरतेच. उद्यासाठी राखून ठेवले तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचे मिळे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजच्यापुरती. हे मी शेकडो वेळा म्हटले होते. त्या रात्री प्रथमच लक्षात आले की मी तर तीन वर्षांचे बळ एकदम मागत होतो. मी तेवढीच प्रार्थना केली: सकाळपर्यंतचे बळ दे.

सकाळ झाली. मी उठलो, चहा केला, शाळेत गेलो. आभाळ उघडले नाही की वाणी ऐकू आली नाही. माझे बळ वाढले असेही मी म्हणणार नाही. ओझे मात्र एका दिवसाच्या मापाचे झाले. आणि त्याच आठवड्यात आजोबांची सून दारात येऊन म्हणाली, "मास्तर, आजपासून दुपारी दोन ते पाच आजींजवळ मी बसत जाईन. तुमच्या मंडळींना जरा पाठ टेकू द्या." पुढे गल्लीतली एक मुसलमान परिचारिका ड्यूटीवरून येताना आईच्या पाठीच्या जखमा धुऊन देऊ लागली. देवाची मदत कशी येते, असे मला कोणी विचारले तर मी सांगतो, चपला बाहेर काढून येते.

आणखी एक गोष्ट घडली. एका संध्याकाळी आमची धाकटी पेटीवर टिळकांचे भजन वाजवीत होती. खाटेवरून आवाज आला. आई गात होती. शब्द, चाल, सगळे बिनचूक! पाणी मागता न येणारी आई अख्खे कडवे म्हणत होती. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की बोलण्याचे काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते, गाण्यात उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो, आणि म्हणून वाचा गेलेली माणसे कधी कधी गाऊ शकतात. मला हे ऐकून फार बरे वाटले. कारण कळले म्हणून माझे नवल कमी झाले नाही. एक दार बंद होईल हे जाणून घडवणाऱ्याने दुसरे आधीच ठेवून दिले होते, असे मला वाटले. त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्याकडे भजन होई, आणि आजोबा आपली चिपळी घेऊन येत.

आई तीन वर्षे आणि चार महिने अंथरुणावर होती. मग गेली. तुमची प्रार्थना देवाने ऐकली का, असे काही जण विचारतात. रमाबाईंनाही हे कोणी विचारले असेल. आपल्यामागे मुक्तीचा भार वाहील म्हणून जिला त्यांनी तयार केले, ती त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली त्यांच्याआधीच गेली. बाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले. पण तेवढ्या महिन्यांतही बायबलचे काम त्यांनी टाकून दिले नाही. सबंध ग्रंथ 1924 साली छापून निघाला तेव्हा तो हातात घ्यायला त्याही नव्हत्या, मनोरमाही नव्हती. पौलानेही आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली होती. काटा राहिला, कृपा पुरेल, एवढेच आश्वासन मिळाले. मागितले ते मिळाले नाही आणि तरी पुरले, ही गोष्ट गणितात बसत नाही. पण ती मी आमच्या मधल्या खोलीत तीन वर्षे पाहिली आहे.

आज मी नवी कादंबरी लिहायला घेतली आहे. पात्रांच्या वयांचा तक्ता केला आहे, शेवट मात्र अजून दिसत नाही. धाकटीच्या कॉलेजची फी भरायची आहे, आणि नव्या वर्गातल्या दोन मुलांना अजून भागाकार येत नाही. पूर्वी ह्या साऱ्याचा विचार मी रात्री एकदम करीत असे. आता पहाटे उठतो, दिवा लावतो, आणि लेखणी उचलण्यापूर्वी आईच्या शब्दांत सांगतो: देवा, आजचं आज दे, उद्याचं उद्या मागंन. एवढे म्हटले की एक पान लिहिण्यापुरता धीर येतो. दुसऱ्या पानाचे मी अजून विचारलेले नाही.