पुसलेली कॅसेट

मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाईलवर भैरवी पाठवली. सोबत प्रश्न : 'सर, सांगा, कधीची असेल?' इंदिरानगरच्या घरी गॅलरीत चहा घेत ऐकली. खाली यंत्राचा ठोका, कारखान्यात चालतो तसा न थांबणारा. त्यावर खर्जात वळवळणारा एक सूर आणि वर भैरवी. मी लिहिलं, 'आजच्या एखाद्या पोरानं कॉम्प्युटरवर केलेली दिसते.' उत्तर आलं, 'सर, १९८२. मुंबई.'

तो माणूस म्हणजे चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार आणि बास वाजवणारा, पडद्यावर नाव न झळकणारा वादक. त्यानं रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली : ठोक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि वरच्या सुरांसाठी ज्युपिटर-८. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आपल्या मींडेशी नातं सांगणारी. त्यावर त्यानं दहा राग बसवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, ती फारशी खपली नाही. गंमत म्हणजे ते जपानी यंत्रही पडलंच. १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन बंद झालं. पुढे शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी तेच यंत्र वापरून १९८७ साली नव्या नाचाचं संगीत बाजारात आणलं आणि जग त्यावर नाचलं. मुंबईत पाच वर्षं आधी असंच काही वाजून गेलं होतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

२००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीत ही रेकॉर्ड सापडली. २०१० साली त्यानं ती पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले चरणजितजी युरोपात जाऊन कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. कुणीतरी ती तबकडी भंगारात न टाकता ठेवून दिली, म्हणून हे सगळं घडलं.

आता माझी गोष्ट.

आमचं जुनं घर जुन्या नाशकात. लग्नघरात दादी आणि तिची नणंद, म्हणजे अब्बांची फुफी, अशी दोघींची जोडी ढोलक घेऊन बसायची. हळदीची गाणी : एक कडवं आमच्या दखनीत, पुढचं चक्क मराठीत, जात्यावरच्या ओवीच्या चालीत. फुफी लवकर गेली, जोडी मोडली. अब्बांनी एका लग्नात दोघींना टेप केलं होतं. ती एकच कॅसेट. कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून अब्बांनी तिचे मागचे दोन्ही तुकडे मोडून ठेवले होते.

मी दहावीत होतो. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. दोन्ही बाजू. अब्बांना कळलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आज स्टाफरूममध्ये कुणीतरी कौतुकानं म्हणतं, 'शेख सर, तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' मी हसतो. बीएडला शिकलो, असं सांगतो. खरं उत्तर त्या कॅसेटवर होतं. ही भाषा मी कॉलेजातून आणलेली नाही. आमच्या घरात ती हळदीच्या ताटाशी बसून गायली जात होती. पुरावा होता, तो मीच पुसला. आणि कुणी डच माणूस मला तो शोधून देणार नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गेल्या रविवारी फुफीच्या मुलीकडे गेलो. वय झालंय, चार गाण्यांची तोंडं आठवतात, मधलं विसरलंय. मोबाईल समोर ठेवला. ताल धरायला ढोलक नव्हती, तिनं स्टीलच्या डब्यावर धरला. सव्वाचार मिनिटं झाली. घरी येईपर्यंत तीन नातेवाइकांना पाठवून दिली, आणि प्रत्येकाला बजावलं, पुसू नका.

तुमच्याही माळ्यावर एखादं खोकं असेल. या रविवारी खाली काढा.